दे टाळी! चार्ली टॉडच्या गोड खोड्या

लालबागची लेक

२०१९ च्या पावसाळ्यात बाबा गेले. त्यानंतर कितीतरी दिवस मला रात्रीची झोप लागत नसे. आई आतल्या खोलीत, मी बाहेर, कानात हेडफोन आणि मोबाइलवर समोर येईल ते. अशाच एका रात्री दोनच्या सुमारास एक व्हिडिओ लागला.

न्यूयॉर्कच्या मेट्रोचं एक स्टेशन, लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू आणि ५३ वा रस्ता. सकाळची ऑफिसची वेळ. लांबलचक सरकत्या जिन्यावरून माणसं वर येतायत आणि एकाच्याही चेहऱ्यावर सकाळ उजाडलेली नाही. सकाळी ९.४० ला चर्चगेटला उतरताना आपण जसे दिसतो, अगदी तसे. जिन्याच्या कडेने थोड्याथोड्या अंतरावर पाच जण पाट्या धरून उभे. पहिल्या तीन पाट्या मिळून एक वाक्य होतं: रॉबला तुम्हाला टाळी द्यायची आहे. चौथी म्हणते, तयार राहा. पाचवी पाटी रॉबच्या हातात, त्याच्याकडेच बाण दाखवणारी, आणि त्याचा दुसरा हात टाळीसाठी उंचावलेला.

बस, एवढंच. पण चेहरे बघा. पहिली पाटी वाचताना कपाळाला आठी, तिसऱ्या पाटीपाशी ओठाचा एक कोपरा हलतो, पाचवीपर्यंत हातातली कॉफी डाव्या हातात जाते आणि उजवा वर येतो. त्या सकाळी रॉबने सुमारे २,००० टाळ्या दिल्या. मी तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि तिसऱ्यांदा बघताना माझाही हात वर गेला होता. अंधारात, एकटीचा.

हे सगळं घडवून आणणारा माणूस म्हणजे चार्ली टॉड. त्याच्या गटाचं नाव इम्प्रॉव्ह एव्हरीव्हेअर, चॅनलही त्याच नावाने आहे. नट व्हायचं म्हणून हा न्यूयॉर्कला आला, पण रंगमंच कोण देणार? ऑगस्ट २००१ मध्ये एका बारमध्ये त्याच्या मित्राने अनोळखी असल्यासारखं जवळ येऊन 'तुम्ही गायक बेन फोल्ड्स ना?' म्हणत सही मागितली. चार्ली पुढचे काही तास बेन फोल्ड्स झाला. आजूबाजूच्यांना एक मोठा गायक भेटल्याचा आनंद मिळाला आणि ह्याला आपला रंगमंच सापडला: रस्ता, स्टेशन, दुकान, बाग. तिकीट नाही, पडदा नाही.

त्याचा सगळ्यांत गाजलेला व्हिडिओ २००८ च्या जानेवारीत आला. ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या भव्य दालनात २०७ माणसं ठरल्या क्षणी जागच्या जागी थिजली. एकाच्या हातून कागद सांडलेत, तो ते उचलता उचलता तसाच. पाच मिनिटं कुणी हललं नाही. बाकीचे प्रवासी त्यांच्याभोवती फिरतायत, जवळ जाऊन डोळ्यांत बघतायत. स्टेशनचा एक कर्मचारी त्याची छोटी गाडी घेऊन येतो आणि वाट अडलेली बघून वॉकीटॉकीवर मदत मागतो. पाच मिनिटं संपली, सगळे काहीच न झाल्यासारखे चालू लागले आणि अख्खं दालन टाळ्यांनी भरून गेलं.

हल्ली प्रँक म्हटलं की कुणाला तरी शेंडी लावायची, घाबरवायचं, रडवायचं आणि मग 'तो बघ कॅमेरा'. चार्लीच्या खोडीत समोरच्याला मामा बनवत नाहीत. त्याला पाहुणा करतात. मला हा माणूस मनापासून आवडतो आणि त्याच्याबद्दल आपल्या भाषेत बोलायला कुणी भेटलं नाही, म्हणून हा धागा. तुम्हाला असं काही आवडतं का? आपल्याकडे कुठे बघितलंय का?

बोरिवली फास्ट

वाचल्या वाचल्या ग्रँड सेंट्रलचा शोधून बघितला. मालाड ते दादर, उभ्याने. शेजारचे काकाही डोकावत होते, शेवटी त्यांना एक हेडफोन दिला. ते गाडीवाल्यापाशी जे हसायला लागले ते वांद्र्यापर्यंत. रोज त्याच डब्यात असतो आम्ही, आज पहिल्यांदा बोललो.

आजीचा बटवा

लेक, छान लिहिलंस गं. बाबांचं वाचून वाईट वाटलं.

तुझा चार्ली वाचताना मला आमच्या परळच्या चाळीतला बहुरूपी आठवला. १९७० च्या आसपासची गोष्ट. नवीन लग्न होऊन आले होते, माहेर कोकणात, तिकडे नमन-खेळे बघितलेले, पण हा प्रकार नवा. दुपारची वेळ, पुरुष मंडळी पाळीला गेलेली, आणि जिन्यात बुटांचा आवाज. खाकी वर्दी, डोक्यावर टोपी, कमरेला पट्टा, काखेत वही. दारात उभा राहून दरडावून म्हणाला, 'तुमच्या नावाचं वॉरंट आहे, चला.' माझ्या हातात तांदूळ पाखडायचं सूप होतं, ते तसंच खाली गेलं. रात्रपाळी करून झोपलेले सासरे उठून बाहेर आले आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, 'साहेब, गुन्हा काय?' त्याने तितक्याच गंभीरपणे वही उघडली आणि गुन्हे वाचायला सुरुवात केली. सगळे यमकात, एकापेक्षा एक अचाट. मग वॉरंटाचं लग्नाचं आमंत्रण झालं, लग्नातल्या जेवणाची यादी आली, आणि त्यातला एकही पदार्थ माणसाने खाण्यासारखा नव्हता. तोपर्यंत मजल्यावरच्या सगळ्या बायका दारात जमून हसत होत्या, मीही.

शेवटी त्याने मला कडक सलाम ठोकला. सासूबाईंनी मला सांगितलं, 'तूच दे गं, तुझ्यासाठी आला होता.' मी चार आणे आणि ओंजळभर तांदूळ दिले, तेच सूपातून सांडलेले, निवडून.

त्या दिवसापर्यंत मी चाळीत कुणाशी बोलत नव्हते. त्यानंतर महिनाभर मला सगळ्या 'वॉरंटवाली' म्हणायच्या. मला आवडायचं ते.

लालबागची लेक

आजी, हे वाचून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. सासऱ्यांनी त्याला ओळखलं असणार, आणि तरी 'गुन्हा काय' विचारून त्याच्या खेळात उतरले. ग्रँड सेंट्रलला शेवटी टाळ्या वाजवणारे आणि तुमचे सासरे एकाच जातकुळीचे.

शिवडीकर

सगळे कौतुक करतायत तर मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये.

माझ्या मावसभावाला दोन वर्षांपूर्वी भर रस्त्यात अशाच 'गंमत' करणाऱ्यांनी गाठलं. एक मुलगा येऊन म्हणाला, तुम्ही माझं पाकीट मारलंत. चार लोक जमले, दोघांनी कॉलर धरली. हा आयुष्यभर दुसऱ्याच्या रुपयाला हात न लावलेला माणूस. हात जोडून खिसे उलटे करून दाखवायला लागला. मग ते हसत पुढे आले, काका प्रँक आहे, हात हलवा. त्याने हात हलवला. काय करणार? घरी येऊन जेवला नाही. व्हिडिओ कॉलनीतल्या पोरांच्या मोबाइलवर आठवडाभर फिरत होता.

त्यामुळे मला हा शब्दच सहन होत नाही. तुमचा चार्ली भला असेल. पण आपल्याला न विचारता कुणीतरी आपल्याला नाटकात ओढतं आणि वर त्याचं चित्रीकरण करतं, हे मुळात बरोबर आहे का?

मिसळ एक्स्ट्रा तर्री

शिवडीकर, तुमच्या भावाच्या बाबतीत झालं ते निव्वळ गुंडगिरी. त्याला प्रँक म्हणायचं कारण नाही.

लालबागची लेक

शिवडीकर, राग कसला? तुमच्या भावाबद्दल वाचून हात थरथरला माझा. आणि तुमचा प्रश्न चार्लीलाही लागू आहे, हे मान्य करायलाच हवं.

२००४ मध्ये त्याच्या गटाने 'घोस्ट्स ऑफ पाशा' नावाच्या एका नवख्या बँडचा कार्यक्रम निवडला. रविवारची रात्र, न्यूयॉर्कमध्ये ह्या बँडला ओळखणारं कुणी नाही. चार्लीचे पस्तीसेक लोक आधी गाणी पाठ करून गेले आणि जुने भक्त असल्यासारखे नाचले, गायले, ओरडले. बँडला वाटलं, स्वर्ग दोन बोटं उरला. मग खरं काय ते कळलं आणि त्या मुलांना फार लागलं. आपली टर उडवली असं वाटलं. त्याच गटाने एकदा बारमध्ये एका अनोळखी माणसाला 'टेड' ठरवून त्याचा वाढदिवस साजरा केला. केक, भेटी, सगळं. तो माणूस त्यानंतर बरेच दिवस अस्वस्थ होता. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका रेडिओ कार्यक्रमाने ह्या दोन्ही गोष्टी त्या-त्या माणसांच्या तोंडून ऐकवल्या.

मी ते ऐकलं तेव्हा चार्लीवर खट्टू झाले होते. हेतू चांगला असला की काम चांगलंच होतं असं नाही, हे त्याच्याच उदाहरणातून दिसतं. एकट्या माणसाला गाठून त्याच्याभोवती खोटं जग उभं केलं, की खरं कळल्यावर तो एकटाच पडतो. म्हणून मला त्याच्या पाट्या जास्त आवडतात. टाळीच्या पाटीवर सगळं उघड लिहिलंय. द्यायची तर द्या, नाहीतर खिशात हात घालून निघून जा. कितीतरी जण तसे जातातही आणि त्यांना कुणी हसत नाही.

२०१३ मध्ये त्याने कार्नेगी हॉलचा एक वाद्यवृंद न्यूयॉर्कच्या चौकात बसवला, समोर रिकामा चौथरा आणि त्यावर पाटी, 'आम्हाला वाजवून घ्या'. कुणीही यावं, छडी उचलावी. माणूस जसा हात हलवेल तसे वादक वाजवणार. हात जोरात तर सूर जोरात, हात थांबला की सगळे थांबले. कार्नेगी हॉलचे वादक एका अनोळखी माणसाच्या बोटाकडे डोळे लावून बसलेत! इथे खोडी कुणाची काढली ते सांगा. मला तरी वाटतं, ज्याला ओढलंय त्याच्या हातात छडी आहे की नाही, एवढंच बघायचं. तुमच्या भावाच्या हातात काहीच ठेवलं नव्हतं त्यांनी.

शिवडीकर

पटलं. छडीचं विशेष पटलं. वाद्यवृंदाचा व्हिडिओ आज भावाला दाखवतो.

निवृत्त गार्ड

नमस्कार. ३४ वर्षं मध्य रेल्वेत लोकलचा गार्ड होतो. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण मी गार्डच. हा धागा वाचून कुणाला 'आपणही दादरच्या पुलावर थिजू या' असं वाटण्याआधी लिहितो.

ग्रँड सेंट्रलचं दालन मैदानासारखं आहे. आपले पूल तसे नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस आला आणि एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर माणसं थबकली. वरचे उतरेनात, खालचे चढतच राहिले. २३ माणसं गेली. आज त्या स्टेशनचं नाव प्रभादेवी आहे. त्या पुलाजवळून गाडी नेताना मी पुढे कित्येक महिने त्या बाजूला बघत नव्हतो. मुंबईच्या गर्दीत थांबणं हा खेळ होऊ शकत नाही. पुलावर, जिन्यावर, फलाटाच्या कडेला अजिबात नाही. शिवाय रेल्वे कायद्याचं कलम १४५ आहे, उपद्रव केला तर कारवाई होते.

पण आनंदाला रेल्वेची ना नाही, हेही सांगतो. २७ नोव्हेंबर २०११, रविवार. तेव्हाच्या सीएसटीवर मी ड्युटी संपवून बाहेर पडत होतो. अचानक गाणं लागलं आणि एक मुलगी नाचायला लागली. मग दहा, मग पन्नास, मग दोनशेच्या आसपास. पाच मिनिटांत सगळे गर्दीत विरघळून गेले. त्यामागे शोनन कोठारी नावाची तरुण मुलगी होती, हे नंतर पेपरात वाचलं. आदल्याच दिवशी २६/११ ला तीन वर्षं झाली होती. त्याच स्टेशनात आम्ही काय पाहिलं ते आम्हाला माहीत. माझ्या शेजारी एक हमाल डोक्यावरचं ओझं खाली ठेवून टाळ्या वाजवत होता. लांबच्या गाडीच्या वेळेला हमालाने ओझं खाली ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि डब्यात तर रोजच चालू असतं. भजनी मंडळं टाळ-मृदंग घेऊन चढतात, दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं लागतात, मोटरमनला पेढा मिळतो.

बोरिवली फास्ट

गार्डकाका, दंडवत. पुलाचं पक्कं लक्षात ठेवीन.

कॉलेजकट्टा

सीएसटीच्याही आधीचं सांगतो. ऑक्टोबर २००३, हाजीअलीजवळचा क्रॉसरोड्स मॉल. त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानात गालिच्यांच्या विभागात शंभरावर माणसं अचानक जमून 'आम्हाला प्रेमाचा गालिचा हवाय' म्हणाली होती, फ्लॅश मॉब, म्हणजे ठरवून अचानक जमायचं, काहीतरी करायचं आणि पांगायचं, हा शब्द तिथून सुटला. चार महिन्यांत तो मुंबईत! मॉलमध्ये जमून गरबा केला आणि पांगले. स्मार्टफोन नव्हते, यूट्यूब जन्मायचं होतं. ईमेल आणि एसेमेसवर जमवाजमव.

मिसळ एक्स्ट्रा तर्री

लेक, तू स्वतः कधी असं काही केलंस का? तुझ्या लिहिण्यावरून वाटतंय की केलंयस.

लालबागची लेक

केलंय. एकदाच. सांगू की नको असं चाललं होतं मनात, पण आजींनी आणि गार्डकाकांनी इतकं मोकळेपणाने लिहिलंय, तर सांगतेच.

चार्लीचा २००८ चा एक व्हिडिओ आहे. कॅलिफोर्नियात हर्मोसा बीच नावाच्या गावात लहान मुलांचा बेसबॉलचा साधा सामना. मुलं खेळायला येतात आणि बघतात तर काय, मैदानाला मोठा पडदा, टीव्हीचा नावाजलेला समालोचक, चेहरे रंगवलेले प्रेक्षक, मुलांच्या नावाचे फलक, आकाशात गुडइयर कंपनीचा तरंगणारा अवाढव्य फुगा, ब्लिंप म्हणतात तो. मुलांना कुणी काही सांगत नाही. ती आपली खेळत राहतात, फक्त छाती चार इंच फुगलेली.

तो बघितला आणि मला आमच्या चाळीचा चौक दिसला. रविवारी सकाळी आमच्याकडे मुलांचं क्रिकेट चालतं. टेनिस बॉल, एक टप्पा आउट, गॅलरीत गेला तरी आउट. बाबा पहिल्या मजल्याच्या कठड्याला स्टूल टेकवून बसायचे आणि जुन्या डायरीत धावा लिहायचे. कुणी सांगितलं नव्हतं, पण मुलं भांडली की वर बघून विचारायची, 'काका, किती झाले?' आणि बाबा सांगतील ते शेवटचं. ते गेल्यावर मुलं खाली खेळायची, पण वर बघायची नाहीत. आई त्या वेळेला आत जाऊन रेडिओ मोठा करायची.

जानेवारी २०२० मध्ये आम्ही नऊ जणांनी ठरवलं. आधी सगळ्या आईबापांना सांगितलं, मुलांना नाही. गणेशोत्सव मंडळाचा माइक आणि दोन भोंगे मिळाले. दुसऱ्या मजल्यावरच्या एका दादाने समालोचन घेतलं. ढोल एक, ताशे दोन. जुन्या चादरींवर मुलांची नावं रंगवली. आदल्या रात्री माझ्या घरी बसून रंगवत होतो, तेव्हा आईने बाहेर येऊन एक नाव दुरुस्त केलं. काना राहिला होता.

रविवारी नऊला मुलं स्टंप घेऊन खाली आली आणि भोंग्यातून आवाज आला, 'नमस्कार, लालबागच्या ऐतिहासिक मैदानावरून आपलं स्वागत.' मुलं थिजली. ग्रँड सेंट्रलपेक्षा चांगली थिजली. मग तिन्ही मजल्यांच्या कठड्यांवरून चादरी सुटल्या आणि ताशा कडाडला.

सगळं ठरल्यासारखं झालं नाही. चौथ्या षटकात वायर कुणाच्या तरी पायात अडकून माइक बंद पडला, दादाने उरलेला सामना नुसत्या घशावर सांगितला. पण एक गोष्ट सांगायचीच आहे. आमच्याकडे एक मुलगा होता, तिसरीतला. कायमचं कच्चं लिंबू. त्याला फलंदाजी शेवटी, तो आउट झाला तरी धरायचं नाही, आणि क्षेत्ररक्षण मोरीच्या बाजूला. त्या दिवशी तो फलंदाजीला आला आणि समालोचक म्हणाला, 'आणि आता मैदानात येतोय...' पुढे त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सगळी चाळ उभी राहिली. दुसऱ्या चेंडूवर त्याचा उडालेला त्रिफळा मी डोळ्यांनी बघितला. पंच म्हणाला नॉट आउट, नेहमीसारखं. तर त्याने बॅट काखेत मारली आणि म्हणाला, 'नाही, आज मी आउट आहे.' आणि चालत बाहेर आला. एवढा ढोल शतकालाही वाजला नसता.

सामना संपल्यावर सह्या घ्यायच्या, असं आमचं ठरलं होतं. आम्ही वह्या-पेनं घेऊन तयार होतो. तेवढ्यात आई जिना उतरून चौकात आली. सहा महिन्यांत पहिल्यांदा. हातात बाबांची डायरी. ती सरळ त्या कच्च्या लिंबापाशी गेली आणि म्हणाली, 'सही देता का?' त्याने पेन घेतलं, डायरी गुडघ्यावर ठेवली आणि जीभ बाहेर काढून अगदी सावकाश नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं: इयत्ता ३ री, तुकडी ब, हजेरी क्र. २७.

आमच्यातल्या एकाने फोनवर चित्रीकरण केलं होतं. ते चाळीतल्या घरांपुरतंच ठेवलं. कुठेही टाकलं नाही.

शिवडीकर

लेक, डोळे भरून आले. माझ्या आधीच्या प्रतिसादाचं वाईट वाटून घेऊ नकोस.

भावाने वाद्यवृंद बघितला. काही बोलला नाही, पण रात्री जेवताना चमच्याने ताटावर ताल धरत होता, असं वहिनी म्हणाली.

आजीचा बटवा

हजेरी क्रमांकासकट! देवा. आई कशी आहे गं आता? आणि ते पोर?

लालबागची लेक

शिवडीकर, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.

आजी, आई बरी आहे. स्टुलावर आता तीच बसते. धावा लिहिते, पण वाइड बॉलवरून तिची मुलांशी वादावादी होते, बाबांची होत नसे. पोरगा नववीला आहे, माझ्याहून उंच झालाय. मधली दोन वर्षं करोनामुळे चौक रिकामाच होता, पण पुन्हा खेळ सुरू झाला तेव्हा समालोचनासाठी त्याने स्वतःहून माइक मागून घेतला. त्याआधी जिथे वायर अडकली होती तिथे चिकटपट्टी लावली.